शेडमधून निघालेली गाडी आणि इंजिनचा ठोका

प्रश्न : वडिलांची १९९८ सालची कार्बोरेटरवाली मारुती ८०० जांबोटीजवळच्या आमच्या शेतातल्या शेडमध्ये २०१९ पासून उभी होती. गेल्या महिन्यात नवी बॅटरी बसवली, पाच लिटर पेट्रोल टाकलं आणि गाडी चालू झाली. सकाळी सुरू केली की वरच्या बाजूने टक-टक येते, पाच-दहा मिनिटांत कमी होते. चढावर टॉप गिअरला रेस दिली की वेगळाच बारीक कडकडाट होतो. खानापुरातल्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून ऐकलं आणि म्हणाला, "बेरिंग होग्याद, इंजिन बिच्चबेक्री" (बेरिंग गेलंय, इंजिन उघडावं लागेल). तीस हजारांचा अंदाज दिलाय. इंजिन खोलू का?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : आत्ताच नको. तुम्ही पत्रात आवाजाची वेळ लिहिलीत ते फार बरं केलंत. बेळगावच्या उद्यमबागेत माझ्याकडे येणारी बरीच मंडळी नुसतं "इंजिन वाजतंय" एवढंच सांगतात, त्यावरून काही कळत नाही.

बिग एन्डचं, म्हणजे पिस्टनच्या रॉडच्या खालच्या टोकाचं बेरिंग गेलं असतं तर इंजिन तापल्यावर आवाज वाढला असता. तापलं की ऑइल पातळ होतं, झिजलेल्या बेरिंगमधली फट ते भरू शकत नाही आणि ठोका जास्तच ऐकू येतो. तुमची टक-टक तापल्यावर कमी होते, आणि तीही वरून येते. शिवाय बेरिंगचा ठोका जड असतो, खालून येतो, पायालाही जाणवतो. म्हणून तुमच्या गाडीत दोन वेगवेगळी दुखणी आहेत असं मला वाटतं, आणि दोन्हींचं औषध स्वस्त आहे.

पहिलं दुखणं वरचं. इतकी वर्षं उभ्या गाडीतलं ऑइल सगळं चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात उतरतं, आणि व्हॉल्व्ह उघडणारे वरचे रॉकर आणि कॅम कोरडे पडतात. जांबोटी-कणकुंबीचा पाऊस तुम्हाला मी काय सांगणार! त्या दमट हवेत पत्र्याच्या शेडखाली इंजिनच्या आत पाणी धरतं. ऑइल भरायचं झाकण काढून आतल्या बाजूला बोट फिरवा. पांढरट, ताकासारखा थर लागला तर ते पाणीच. डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर ते ऑइलमध्ये उतरलंय. काहीही निघो, ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलाच, ग्रेड मॅन्युअलमध्ये दिलाय तोच. मग तिन्ही प्लग काढून, कॉइलची मुख्य वायर सोडवून, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत थोडा थोडा सेल्फ मारा. प्लग नसल्यामुळे इंजिनवर दाब येत नाही आणि ऑइल वरपर्यंत पोहोचतं. एवढं करूनही टक-टक राहिली तर फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावून टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट, सेट करून घ्या. टॅपेट दाखवताना टायमिंग बेल्टही बघायला सांगा. इतक्या वर्षांचं रबर मी असतो तर न बघताच बदललं असतं.

आता चढावरचा कडकडाट. खरा घोटाळा इथे आहे, आणि तो तुमच्या पत्रातल्या एका वाक्यात आहे. तुम्ही पाच लिटर नवं पेट्रोल टाकलंत, पण जुनं काढलं असं कुठेच लिहिलेलं नाही. टाकीत २०१९ चं पेट्रोल असणार. त्यातला हलका भाग उडून गेलेला असतो, उरलेलं धड पेटत नाही. त्याचा चिकट थर कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात बसतो, पेट्रोल कमी आणि हवा जास्त जाते. असं मिश्रण भाराखाली अवेळी भडकतं, तोच कडकडाट. टाकी पूर्ण रिकामी करा, तळाचा गंज बघा, फिल्टर बदला, कार्बोरेटर उघडून जेट साफ करा. जेटमध्ये तार घालू नका, हवेनेच फुंका. भोक मोठं झालं की ते जेट फेकायचंच.

हे करूनही कडकडाट राहिला तर डेल्को, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर, उघडा. आत ठिणगीचं टायमिंग पुढे नेणारी वजनं आणि बारीक स्प्रिंगा असतात. गंजाने वजनं पुढेच अडकली किंवा स्प्रिंग तुटली, तर कमी वेगातही ठिणगी फार लवकर पडते. आतला फिरणारा रोटर ज्या बाजूला फिरतो त्याच बाजूला हाताने थोडा फिरवा आणि सोडा. तो चटकन जागेवर परत आला पाहिजे. आळसावला, अडकला, की चोर सापडला. हे तपासायला एक पैसा लागत नाही, म्हणून इंजिन खोलायची घाई करणाऱ्यांवर मला राग येतो. रेडिएटर गाळाने भरला असेल तरी तापून कडकडाट होतो, तेही बघून घ्या.

बेरिंगची शंका मनातून जात नसेल तर इंजिन तापल्यावर जाणत्या माणसाकडून एकेका प्लगची ठिणगी थोडा वेळ बंद करून बघा. ज्या सिलिंडरला ठोका एकदम मऊ होतो, त्याचा रॉड दोषी. वायर उघड्या हाताने ओढू नका, झटका बसतो. असा जड ठोका खरंच निघाला तर मात्र गाडी एक किलोमीटरसुद्धा चालवू नका, टोचनच करा.

आणि हो, १९९८ च्या गाडीचं आरसी १५ वर्षांनी आणि पुढे दर ५ वर्षांनी नवं करावं लागतं. म्हणजे तुमचं २०२३ लाच संपलं असणार. चढावर पुन्हा चाचणी घेण्याआधी ते आणि विमा उरकून घ्या.

प्रश्न : माझ्याकडे जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल आल्यापासून इंजिन ठोकतं असं लोक म्हणतात. खरं का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : अर्धं खरं. इथेनॉलने पेट्रोलचा ऑक्टेन वाढतो, त्यामुळे ठोका उलट कमी व्हायला हवा. पण २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल तेवढ्याच हवेला जास्त लागतं आणि तुमच्या कार्बोरेटरचा जेट जुन्याच मापाचा. म्हणून हवा जास्त आणि पेट्रोल कमी असं मिश्रण पातळ होतं, गाडी अडखळते, तापते. उसाच्या आपल्या पट्ट्यात या इथेनॉलला नावं ठेवायची चोरी, पण जुन्या रबराशी त्याचं जमत नाही हेही खरंच. पेट्रोलचे पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम इथेनॉल सोसणारे घाला, मेन जेट किंचित मोठा करता येतो का ते कार्बोरेटरवाल्याला विचारा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटरची वाटी रिकामी करूनच ठेवा.