शिंपले, मुखवटे आणि तांब्याचा पत्रा

प्रश्न : सर, भावाने बेल्जियमहून जेम्स एन्सरच्या ‘कॅथीड्रल’चं पोस्टकार्ड आणलं. भलंमोठं चर्च, खाली मुंग्यांसारखी माणसं. हा कोण? आणि एचिंग म्हणजे पेनाचंच चित्र ना?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : पेन नव्हे हो, सुई! तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा, त्यावर सुईने रेघा ओढायच्या आणि पत्रा आम्लात सोडायचा. थर खरवडला असेल तिथेच आम्ल धातू खातं. मग खाचांत शाई भरायची, वरची पुसायची आणि ओलसर कागद ठेवून प्रेसखालून काढायचा. शिकत असताना मी पत्रा आम्लात ठेवून चहाला गेलो होतो. परत येईतो रेघांची गटारं!

एन्सरचं ‘कॅथीड्रल’ १८८६ चं, मूळ छाप जेमतेम वीतभर. त्या गर्दीतली तोंडं भिंग लावून बघा.

गडी ओस्टेंडचा. १८६० मध्ये समुद्रकाठच्या या गावी जन्मला, १९४९ मध्ये तिथेच गेला. ब्रसेल्सच्या अकादमीत शिकला आणि घरी परतला. घरच्यांचं शिंपले नि कार्निव्हलचे मुखवटे विकायचं दुकान होतं. तेच मुखवटे चित्रांत शिरले. ‘ख्रिस्ताचा ब्रसेल्स-प्रवेश’ हे चार मीटरहून रुंद चित्र त्याने १८८८ मध्ये रंगवलं, पण ते लोकांपुढे आलं १९२९ मध्ये. त्याच वर्षी त्याला बॅरन ही सरदारकीची पदवी दिली.

पणजीत इंत्रुजाच्या, म्हणजे आपल्या गोव्याच्या कार्निव्हलच्या, मिरवणुकीत मी हल्ली चित्ररथ सोडून कडेला उभ्या माणसांची तोंडंच बघतो. ही खोड त्याचीच.