पुण्यात स्थायिक झाल्यावर गावच्या नगरपालिकेला मत द्यायला जावं का?

तुम्ही विचारलंय की बारा वर्षं पुण्यात आहात, नाव अजून कोकणातल्या गावच्या यादीत आहे, पुण्यातल्या गावकरी मंडळाची माणसं मतदानाला चला म्हणून फोन करतात, तर जावं का, आणि गावच्या कारभारात आपण तोंड घालावं का.

जाऊ नका. नाव पुण्यात आणा. तोंड मात्र जरूर घाला.

माझं माहेर सिंधुदुर्गात, किनाऱ्यावर. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहितेय ती माणसं तिथे रोज एकमेकांसमोर येतात. माझ्या आईने आयुष्यभर मासळी विकली, अजून विकते. लिलावात पाटी घ्यायची, डोक्यावरून एसटी स्टँडच्या रस्त्याला आणायची आणि पिंपळाखाली बसायचं. तिच्या आधी तिची सासू तिथेच बसायची. रोज पालिकेच्या ठेकेदाराची बाजार वसुलीची पावती फाडून बसलेल्या या बायका, फुकट जागा अडवणाऱ्या नव्हेत. गिऱ्हाईक स्टँडवर उतरतं, बांगडे-तारले घेतं आणि वाडीकडे जाणारी गाडी पकडतं. त्या जागेचं सगळं गणित एवढंच आहे.

2016 च्या नोव्हेंबरात पालिकेची निवडणूक लागली. नोटाबंदीला तीन आठवडेही झाले नव्हते, 27 तारखेचा रविवार होता, आणि नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडायचा होता. माझा चुलतभाऊ, आमचा दादा, पुण्यातल्या आमच्या गावकरी मंडळाचा सेक्रेटरी. त्याने कात्रजहून बस काढली. जेवणखाण, जाणं-येणं सगळं फुकट. बस रात्री निघाली, गगनबावड्याचा घाट उतरून सकाळी गावात, बोटाला शाई लावून संध्याकाळी परत. मुंबईहून आलेल्या गाड्या वेगळ्या.

छोट्या गावात याचा अर्थ काय होतो ते पुण्यात बसून कळत नाही. आमच्याकडे एका प्रभागात हजार-बाराशे मतदार. मतदानाला येतात त्यातले सात-आठशे. सीट पडते तीस-चाळीस मतांनी. म्हणजे एक बस पुरते. नगरपंचायत असेल तर प्रभाग आणखी लहान, तिथे दोन सुमोसुद्धा पुरतील. आमच्या प्रभागात बसवाल्यांचा माणूस आला, आणि ज्यांना त्याच्याकडे दाखल्यासाठी, गटारासाठी, नळासाठी पाच वर्षं खेपा घालायच्या होत्या त्यांचा पडला.

नव्या मंडळींनी पहिल्या वर्षातच ठराव केला: स्टँडचा रस्ता सुशोभित करायचा, पेव्हर ब्लॉक, दिवे, बसायला बाकडी, आणि मासळीवाल्यांसाठी गावाच्या टोकाला नवीन मच्छीमार्केट. मार्केट बांधलंही. टाइल्स लावलेले ओटे इतके उंच की मासळी कापणाऱ्या बाईला मांडी घालून बसता येईना, उभ्याने विळी चालेना. पाण्याला उतार नाही, त्यामुळे सगळं धुतलेलं पाणी पायात. आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाईक तिथे जातच नाही. ओट्याची उंची किती हवी हे एकाही बाईला विचारलं नव्हतं.

मे महिन्यात दादा गावी आला होता. बायकांना समजावायला मुद्दाम पिंपळाखाली आला. पर्यटक येणार, वासाने पळतात, गावाचं नाव खराब होतं, तुमच्याच भल्याचं आहे, वगैरे. आई मासळी साफ करता करता ऐकत होती. तिने मान वर केली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "आमी खंय बसूचा ता तू ठरवतलस? मगे म्हावरा पण तूच ईक." दादाला सख्खी काकी असं बोलली हे त्याने अजून मनातून काढलेलं नाही. मला त्या वाक्याचा आजही अभिमान आहे.

आता तोंड घालायचं म्हणजे काय करायचं, ते सांगते. मी धायरीत राहते. पुण्यात पथारीवाल्यांची लढाई जुनी आहे, बाबा आढावांनी हमालांना आणि पथारीवाल्यांना संघटित केलेलं हे शहर आहे, त्यामुळे इथे साध्या भाजीवालीलाही कायदा माहीत असतो. पथविक्रेता कायदा 2014 चा आहे आणि तो महापालिकेइतकाच नगरपालिकेला, नगरपंचायतीला लागू आहे. आधी सर्वेक्षण करायचं, ते होऊन प्रमाणपत्रं दिल्याशिवाय कुणाला उठवायचं नाही. हलवायचं असेल तर 30 दिवसांची नोटीस. शहर विक्रेता समिती हवी, तिच्यात किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे, आणि त्यांच्यातल्या एक तृतीयांश बाया. मी आईच्या नावाने माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला, दहा रुपये शुल्क, ठरावाची प्रत आणि समितीच्या सदस्यांची यादी मागितली. ठराव मिळाला. यादी मिळाली नाही, कारण समितीच नव्हती. तोच कागद घेऊन बायका मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनला गेल्या. बोलल्या त्या. मी पुण्यातून फक्त अर्जाचा मजकूर पाठवला होता. बायका आज पिंपळाखालीच आहेत. मार्केटच्या शेडमध्ये मोटरसायकली लागतात आणि गणपतीच्या मांडवाचे बांबू ठेवतात.

दादाचं म्हणणं, आपली मुळं तिथे, घर तिथे, घरपट्टी आपण भरतो, देवळाच्या जीर्णोद्धाराला आपण पैसे दिले, मग मत का नाही? दादा, घर आहे एवढ्यावरून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. हे मी नाही, 1950 चा लोकप्रतिनिधित्व कायदा म्हणतो, कलम 20. नाव दोन मतदारसंघांत ठेवायचं नाही, हेही त्यातच आहे. आणि पालिकेला वेगळी यादी नसते, विधानसभेचीच यादी प्रभागांत फोडतात. 2025 च्या निवडणुकीत आयोगाने दुबार नावांपुढे दोन तारे छापले, तेव्हा आमच्या प्रभागात तारेच तारे होते.

आणि मुळांचं एवढंच असेल तर धायरीचं काय? धायरीचा राहिलेला भाग 2017 मध्ये महापालिकेत आला, आमच्या मंडळातली अर्धी घरं तिथली. टँकरच्या रांगेत पुण्यात उभं राहायचं, मत गावाला. 2025 च्या जानेवारीत सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुइलेन-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण निघाले, संशय पाण्यावर होता. त्या वेळी महापालिकेत नगरसेवक नव्हताच, 2022 च्या मार्चपासून प्रशासक. पाण्याचं विचारायचं कुणाला हे लोकांना कळत नव्हतं. मग 15 जानेवारी 2026 ला निवडणूक झाली. मंडळातल्या किती जणांनी मत दिलं? बरेच जण म्हणाले, आमचं नाव गावाला आहे. दीड महिना आधी, 2 डिसेंबरला, मंगळवारी रजा टाकून हेच लोक दादाच्या बसमधून गावी गेले होते.

गावी पालिका अशीच चार वर्षं प्रशासकाच्या हाती होती. त्या काळात पाणी, कचरा, दिवे यांसाठी मुख्याधिकाऱ्यांच्या दारात कोण उभं राहिलं? जे तिथे राहतात ते. शेजारी वेंगुर्ल्याने आपला कचऱ्याचा डेपो लोकांनी बघायला यावं असा केला, तो घरोघरी कचरा वेगळा करून देणाऱ्यांच्या जोरावर. ते काम करायला कुठल्याही शहरातून बस आली नव्हती.

काही अपवाद आहेत, ते लिहायला हवेत. बोटीवर खलाशी म्हणून आठ महिने बाहेर असलेला, हंगामी कामाला गेलेला, वसतिगृहात शिकणारा, हे लोक तात्पुरते बाहेर आहेत, त्यांचं नाव गावीच राहावं. कायदाही तसंच मानतो. निवृत्त होऊन वर्षातले बरेच महिने गावी काढणारे असाल तर खुशाल तिथे नाव ठेवा, मग पुण्याचं काढा. तुमच्या प्रश्नावरून तुम्ही यातले वाटत नाही.

मतदार यादीचा नमुना 8 भरा, स्थलांतराला तोच लागतो, नोंदणीकृत भाडेकरारही पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. निवडणूक लागल्यावर धावू नका, यादी एका ठरावीक तारखेची घेतात, आमची 1 जुलै 2025 ची होती. मंडळाचा फोन आला तर सांगा, बसचं भाडं पालिकेकडे द्या म्हणजे त्या ओट्यांची उंची तरी कमी होईल. दादाला मी हेच सांगितलं होतं. त्याने उत्तर दिलेलं नाही, आणि मी अजून विचारते आहे.