पिठलं-भात कुणी पाठवला?

"आता मान्य करून काय उपयोग? माणूसच राहिलं नाही."

समुपदेशक म्हणून हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता कुणी खुर्चीत टेकतानाच मला त्याची चाहूल लागते. कुणाचा मुलगा गेलेला असतो, कुणाचा भाऊ, कुणाची मावसबहीण. गेलेलं माणूस समलिंगी होतं हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्यावर कधी कुणी तोंड उघडलेलं नसतं. किंवा एकदाच बोलणं झालेलं असतं आणि ते असं, की पुन्हा विषय काढायची कुणाची छाती झाली नाही. मग आजार येतो, अपघात होतो, माणूस जातं आणि मागच्यांच्या गळ्यात हा प्रश्न अडकून राहतो. आज त्याचं उत्तर एका ताईंच्या गोष्टीतून देते. त्यांच्या संमतीनं लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

ताई साठीच्या. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. माझ्याकडे आल्या त्या झोप उडाली म्हणून. पहाटे तीनला जाग यायची आणि मग उजाडेपर्यंत छतावरचा पंखा बघत पडायचं. पाच महिन्यांपूर्वी त्यांचा धाकटा भाऊ गेला होता. घरात त्याला बाळू म्हणत. वय चोपन्न, दोन्ही मूत्रपिंडं निकामी, दोन वर्षं डायलिसिस. लग्न केलेलं नव्हतं, आई-वडील आधीच गेलेले. डोंबिवलीत स्वतःचा वन बीएचके.

"आठवड्यातून तीनदा डायलिसिस असायचं. मी एकदाही गेले नाही हो त्याच्याबरोबर."

"मग कोण जायचं?"

"त्याचा मित्र होता एक. बरोबरच राहायचा."

"किती वर्षं?"

ताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "एकोणीस."

मी पुढे काही विचारलं नाही. एकोणीस वर्षं एका घरात राहिलेल्या माणसाला जेव्हा 'एक मित्र' म्हटलं जातं, तेव्हा घाई करायची नसते. तो दरवाजा आतूनच उघडावा लागतो.

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीत घडलेली समुपदेशक आहे. या पद्धतीचा जनक, अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस, त्यानं शिकवलेली एक गोष्ट मला तीस वर्षं पुरली आहे: माणसाचं वागणं चुकलं असं म्हणता येतं, पण त्यावरून अख्खं माणूस वाईट ठरत नाही. ताई नेमकं तेच करत होत्या. "मी बहीण म्हणायच्या लायकीची नाही" असं प्रत्येक भेटीत म्हणत. आणि मी पाहत होते की या वाक्यानंतर त्या सुटल्यासारख्या होतात. स्वतःला शिक्षा ठोठावली की चौकशी संपते. अपराधी भावनेची हीच मोठी अडचण आहे. ती माणसाला स्वतःपुरतं रडवते आणि ज्याचं नुकसान झालं, त्याच्याकडे बघूच देत नाही.

तिसऱ्या भेटीला त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक सुरळी काढली. कालनिर्णय. बाळूच्या स्वयंपाकघरातलं, त्या वर्षीचं. घर आवरताना रद्दीत टाकायला म्हणून काढलं आणि टाकलं नव्हतं. आम्ही ते टेबलावर पसरलं. सोम-बुध-शुक्रला लाल गोल. 'गॅस लावला.' 'नारळपाणी नाही, पोटॅशियम.' दुधाचे खाडे. आणि एका चौकोनात, बारीक गोलसर अक्षरात: 'ताई वा.दि., आठवण करणे.'

"हे बाळूचं अक्षर नाही," ताई म्हणाल्या. "बाळूचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. बाई, मला दरवर्षी सकाळी सातला फोन यायचा. मी सगळ्यांना सांगायचे, माझा भाऊ कधी विसरत नाही म्हणून."

बोलता बोलता त्या थांबल्या. मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात एक प्रक्रिया करायची होती, संमतीवर सही हवी होती. फॉर्मवर नात्याच्या रकान्यात त्यानं 'मित्र' लिहिलं. रक्ताच्या नात्यातलं कुणीतरी बोलवा, असं त्याला सांगण्यात आलं. साताऱ्याहून थोरला भाऊ पोचेपर्यंत काम थांबलं. तेरावं झालं आणि महिन्याभरात घर मोकळं करायला सांगितलं गेलं. तो दोन बॅगा घेऊन निघाला.

"कुकर त्याचा का आपल्या बाळूचा, यावर माझं आणि वहिनीचं वाजलं," ताई म्हणाल्या. "मी म्हटलं, आपलाच असणार. त्यानं तो ओट्यावर परत ठेवला आणि गेला."

घराच्या बाबतीत कायद्यानं काही वावगं झालं नव्हतं, हे मी मुद्दाम नमूद करते. मृत्युपत्र नसलेल्या, अविवाहित हिंदू पुरुषाचे आई-वडील हयात नसतील तर मिळकत भावंडांकडे जाते. एकोणीस वर्षं बरोबर राहिलेला जोडीदार त्या यादीत कुठेच नाही.

त्या दिवशी मी ताईंना पुन्हा बाळूबद्दल विचारलं नाही. विचारलं, "तुमच्याकडे घरात माणूस गेलं की पहिल्या दिवशी चूल पेटत नाही ना? मग जेवण कुठून येतं?"

"शेजारून. पिठलं-भात पाठवतात."

"तुम्हाला कुणी पाठवला?"

"समोरच्या काकूंनी. वहिनीकडे तिच्या माहेरून आला."

"आणि त्याच्याकडे?"

माझ्या खोलीतलं घड्याळ तसं आवाज करत नाही, पण त्या दिवशी ते ऐकू आलं. ताईंचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. मग त्यांनी त्याचं नाव घेतलं. तीन भेटींत पहिल्यांदा. 'मित्र' नाही, 'तो' नाही. नाव. ते मी इथं लिहीत नाही, पण ज्या आवाजात ते आलं तो माझ्या कानात आहे. "त्याला कुणी विचारलंसुद्धा नाही, जेवलास का म्हणून. स्मशानात मागं उभा होता, पावसात. मी पाहिलं होतं. मी पाहिलं होतं हो त्याला."

खूप वेळ रडल्या. हे रडणं आधीच्यासारखं नव्हतं. आधी त्या स्वतःसाठी रडत होत्या, आता त्याच्यासाठी. इतकी वर्षं हे काम करून मला एवढं पक्कं कळलंय की दुःखाचं ओझं हलकं करायचं असेल, तर आधी ते आणखी कुणाकुणाच्या डोक्यावर आहे ते मोजावं. ताईंच्या मोजणीतून एक माणूस राहून गेला होता, आणि सगळ्यात जास्त ओझं त्याच्याच डोक्यावर होतं. त्या जागेवर बोट ठेवता आलं याचं मला समाधान आहे.

पुढच्या भेटीला ताई रागावून आल्या. स्वतःवर, थोरल्या भावावर, समाजावर. म्हणाल्या, "आम्हाला कुणी शिकवलं होतं का हे? आमच्या वेळी या सगळ्याला गुन्हा म्हणायचे."

म्हणायचे नाही, होताच. कलम ३७७ इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलं. दिल्ली उच्च न्यायालयानं २००९ मध्ये प्रौढांमधल्या, संमतीच्या संबंधांना त्यातून वगळलं. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये तो निकाल फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी एकमतानं पुन्हा मोकळीक दिली. म्हणजे बाळू आणि त्याचा जोडीदार यांची एकत्र राहण्याची बरीचशी वर्षं कायद्याच्या लेखी गुन्हेगार म्हणून गेली. घरचे गप्प होते, यामागे ही भीतीही होती.

मी ताईंना त्या निकालातलं न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांचं एक वाक्य सांगितलं: या समाजाच्या माणसांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची इतिहासानं माफी मागायला हवी.

"कुटुंबीयांची? म्हणजे आमची पण?"

"तुमची पण. तुमचा भाऊ तुमच्यापासून अर्धाच ठेवला गेला. त्याच्या घरी तुम्ही कधी मोकळेपणानं चार दिवस राहिला नाहीत. भाऊबीजेला तो एकटा यायचा आणि संध्याकाळी परत जायचा. यात तुमचंही गेलंच की."

"मग माझी चूक नाही म्हणता?"

"आहे. कुकरची चूक तुमची. फोन केला नाहीत, ती तुमची. पण ती चूक तुम्ही केली आहे, तुम्ही म्हणजे ती चूक नाही. आणि ती जिच्याबाबत झाली ती व्यक्ती जिवंत आहे."

"आता मान्य करून काय उपयोग" या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे. माणूस गेलं तरी त्याचं माणूस मागे असतं. कधी जोडीदार, कधी जिवाचा मैत्र, कधी घरातलाच एखादा भाचा, जो मामाचं काय झालं हे गप्प राहून बघत असतो आणि स्वतःचं काय होणार याचा अंदाज बांधत असतो. मान्य करायचं ते यांच्यासमोर.

ताईंना लगेच फ्लॅटच्या विक्रीतला आपला वाटा त्याला देऊन टाकायचा होता. मी म्हटलं, पैसे शेवटी, आधी जा. पैसे पुढे केले की समोरच्याला फक्त हो किंवा नाही म्हणता येतं. त्याला बोलू द्या.

त्या गेल्या. बदलापूरला भाड्याची एक खोली. जाताना डब्यात पिठलं-भात घेऊन गेल्या. मी सुचवलेलं नव्हतं. त्यानं डबा उघडला, बघितलं आणि झाकण लावून बराच वेळ हातात धरून बसला. मग दोघं जेवले. कालनिर्णय त्यांनी त्याला परत दिलं. कुकरही नेला होता, तो मात्र त्यानं नको म्हटलं. पैशांचं त्यानं ऐकूनही घेतलं नाही. एकच विचारलं: "ताई, वर्षश्राद्धाला मी आलो तर चालेल का?"

थोरल्या भावाचा विरोध होता. तो पूर्ण गेला असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी भाऊ फार बोलला नाही, पण पानं वाढताना ताईंनी बाळूच्या जोडीदाराला आपल्या शेजारी बसवलं तेव्हा कुणी उठूनही गेलं नाही.

अशा घरांना मी काही गोष्टी आवर्जून सांगते. गेलेल्या माणसानं जे हयातीत चारचौघांत सांगितलं नव्हतं, ते पश्चात्तापाच्या भरात सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटू नका. किती सांगायचं, कुणाला, हे जोडीदाराला विचारा, कारण त्याला अजून त्याच सोसायटीत, त्याच नोकरीत राहायचंय. त्याच्या वस्तू, फोटो, औषधांच्या फायलीसुद्धा, विचारल्याशिवाय टाकू नका. दिवसांच्या कार्यात त्याला एक काम द्या. पाहुण्यासारखं बसवू नका. आणि "हे बरं होतं का" असं अजूनही कुणी विचारलं तर ठामपणे सांगा की हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्येच आजारांच्या यादीतून समलैंगिकता काढलीय.

ज्यांची मुलं, भावंडं हयात आहेत त्यांच्यासाठी तर माझा आग्रह जास्त आहे. प्रेम आहे, आम्ही काही म्हणत नाही, एवढ्यावर थांबू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानं समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही, म्हणजे लग्नानं आपोआप मिळणारं सगळं कागदावर उभं करावं लागतं. मृत्युपत्र साध्या कागदावरही होतं, दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही, पण करावी. सोसायटीत नॉमिनेशन करा, मात्र त्यानं मालकी मिळते असं समजू नका, मृत्युपत्र हवंच. बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही, हे केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. आणि हे कागद करताना आई-वडील, बहीण-भाऊ शेजारी बसलेले असतील, तर उद्या घरातूनच आव्हान देणारा हात उठणं अवघड होतं. मिरवणुकीत झेंडा घेऊन चालणाऱ्या पालकांबद्दल मला आदर आहे. पण वकिलाच्या बाकावर मुलाशेजारी बसलेली आईसुद्धा हक्कांसाठीच बसलेली असते.

ताईंची झोप सुधारली. पहाटे जाग अजून येते कधीकधी. आता त्या उठून चहा करतात.

मागच्या महिन्यात त्यांनी शेजारच्या एका बाईंना माझ्याकडे पाठवलं. मुलगा एकोणतीस वर्षांचा, दोन वर्षांपासून त्याच्या जोडीदाराबरोबर राहतो. मला वाटलं, रडतील. त्यांनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. प्रश्नांची यादी होती, वळणदार अक्षरात. बहुतेक वकिलाला विचारायचे होते, तसं मी सांगितलं. शेवटचा तेवढा माझ्यासाठी होता. दवाखान्याच्या फॉर्मवर नात्याच्या रकान्यात त्या मुलानं काय लिहायचं?

"जोडीदार," मी म्हटलं.

त्यांनी ते लिहून घेतलं.