भिंतीवरचे दुसऱ्याचे चित्र

पुणे

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद. तुझे पत्र आणि त्यासोबतचा जागेचा नकाशा मिळाला. कोल्हापुरातल्या जुन्या वाड्याच्या तीन खोल्या भाड्याने घेऊन पुढच्या खोलीत गॅलरी आणि मागच्या दोन खोल्यांत स्टुडिओ करण्याचा तुम्हा तिघांचा बेत मला आवडला. जमाखर्चाचा तक्ता पाहून मात्र काळजी वाटली. कारण खर्चाच्या रकान्यात भाडे, वीजबिल, छपाई आणि उद्घाटनाच्या चहापर्यंत सगळे आहे, पण जमेच्या बाजूला ‘चित्रविक्री’ ही एकच ओळ आहे.

गेली बावीस वर्षे मी माझी छोटी गॅलरी चालवतो आहे, आणि तिचे भाडे चित्रविक्रीतून निघाले असे महिने मला बोटांवर मोजता येतील. ते निघत आले ते फ्रेमिंगमधून, शनिवार-रविवारच्या वर्गांतून आणि इतर चित्रकारांना माझे मुद्राचित्रे काढायचे छापयंत्र तासाच्या हिशेबाने वापरायला देण्यातून. यात कमीपणा मानू नकोस. केकू गांधी यांचा केमोल्ड हा १९४१ साली सुरू झालेला फ्रेमचा व्यवसाय होता. त्या दुकानात हुसेन, आरा अशा तरुणांची चित्रे लावली जात, आणि मुंबईच्या जहांगीर कलादालनाच्या पहिल्या मजल्यावर केमोल्डची स्वतंत्र गॅलरी उघडली ती १९६३ मध्ये, म्हणजे दोन दशकांनंतर. पंडोल यांची गॅलरीही फ्रेमच्याच धंद्यातून त्याच वर्षी उभी राहिली. तुझ्या गावात तर बाबूराव पेंटर आणि आनंदराव मेस्त्री यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, हे तुला मी सांगायला नको. तेव्हा तक्त्यात फ्रेमिंग आणि वर्ग या दोन ओळी वाढव, आणि फक्त त्या दोन ओळींच्या जमेतून भाडे निघते की नाही ते पाहा. चित्रविक्रीचा आकडा धरूच नकोस. ती झाली तर मिळालेले पैसे पुढच्या प्रदर्शनासाठी ठेव.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र मुख्यतः लिहितो आहे तिच्याकडे येतो. स्वतःच्या भिंतीवर स्वतःची चित्रे लावणे सोपे आहे. दुसऱ्याचे चित्र तिथे आले की आपण चित्रकार उरत नाही, विश्वस्त होतो. हे मला समजायला एका मित्राची किंमत मोजावी लागली. गॅलरीच्या तिसऱ्या वर्षी एका समवयस्क चित्रकाराचे मोठे तैलचित्र विकले गेले आणि रक्कम माझ्या खात्यात जमा झाली. त्याच आठवड्यात छापयंत्राचा रूळ दुरुस्तीला काढावा लागला. महिनाभरात भरून काढू या हिशेबाने मी त्याचे पैसे तिकडे वळवले, आणि ते त्याच्या हाती पडायला पाच महिने लागले. त्याने तक्रार केली नाही. नंतर त्याने माझ्याकडे एकही चित्र पाठवले नाही, इतकेच. त्या दिवसांत मी चोरी करतो आहे असे मला एकदाही वाटले नव्हते, हे आठवले की आजही अस्वस्थ होतो.

म्हणून पहिल्या दिवसापासून बँकेत दोन खाती ठेवा. विक्रीची रक्कम एका खात्यात येईल, तिच्यातून चित्रकाराचा वाटा ठरलेल्या मुदतीत जाईल, आणि तुमचे कमिशन तेवढे दुसऱ्या खात्यात वळवायचे. मोठ्या शहरांतल्या गॅलऱ्या साधारण एक तृतीयांशापासून निम्म्यापर्यंत कमिशन घेतात. मी तीस टक्के घेतो, कारण माझ्याकडे येणाऱ्यांची नावे अजून व्हायची असतात आणि निमंत्रणपत्रिकांचा निम्मा खर्च तेच करतात. तुम्ही किती घ्यावे हे तुम्ही ठरवा, पण ते चित्र दारातून आत येण्याआधी कागदावर ठरवा. आवक नोंदवहीत चित्राचे नाव, माध्यम, आकार, साल आणि किंमत लिहून चित्रकाराला पावती द्या. फ्रेम कोणाची, न विकलेले चित्र परत पाठवण्याचे भाडे कोणाचे आणि वाहतुकीत काच फुटली तर भरपाई कोण देणार, हेही त्याच पावतीवर येऊ दे. कराचे म्हणशील तर हाताने काढलेल्या चित्रांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, पण कमिशन हा सेवेचा मोबदला असल्यामुळे त्याचा हिशेब वेगळा पडतो. नोंदणी केव्हा लागते हे जागा उघडण्याआधीच एखाद्या सनदी लेखापालाला विचारून घे.

किमतीबद्दल तू विचारले आहेस. आपल्याकडे बरेच चित्रकार चौरस इंचाचा दर धरतात, आणि सुरुवातीला तो बरा असतो, कारण ग्राहकापुढे गोंधळ होत नाही. अट एवढीच, की गॅलरीत जी किंमत तीच मागच्या स्टुडिओत. पुढच्या खोलीत चित्र पाहून मागच्या दाराने स्वस्तात मागणारे सज्जन तुम्हाला पहिल्याच महिन्यात भेटतील; बहुधा ते नात्यातले असतील.

कोल्हापुरात व्यक्तिचित्रांची कामे येणार, म्हणून एक कायदेशीर बाब सांगतो. एरवी चित्र विकले तरी त्याचा कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो, पण मोबदला देऊन सांगून काढून घेतलेल्या चित्राच्या बाबतीत १९५७ च्या कायद्याच्या १७ व्या कलमानुसार, वेगळा करार नसेल तर, कॉपीराइटचा पहिला मालक काम सांगणारा असतो. आजोबांचे चित्र रंगवून दिल्यावर ते तुमच्या दिनदर्शिकेत छापायचे असेल, तर तशी एक ओळ कामाच्या कागदावर आधीच लिहून घ्या.

वेळेच्या बाबतीत मी कठोर आहे. सकाळी गॅलरी उघडू नका. कोल्हापुरात सकाळी अकरा वाजता चित्र विकत घ्यायला कोणी येत नाही. जे येतात ते गप्पा मारायला येतात, आणि त्यांना तुमच्या ईझलवरचे ओले चित्र पाहायचे असते. चार ते आठ ही वेळ पुरेशी आहे. तिघांनी दिवस वाटून घ्या, आणि ज्याचा दिवस नाही त्याने मागच्या खोलीतून बाहेर डोकावू नये. माझ्या मधल्या काळात सात वर्षे अशी गेली, की मी इतरांची सत्तरएक प्रदर्शने लावली आणि ज्यांवरून मी मुद्राचित्रांचे ठसे काढतो त्या स्वतःच्या तांब्याच्या पाट्या कपाटात काळ्या पडू दिल्या. त्या वर्षांतले माझे जेमतेम अकरा ठसे आज दाखवण्यासारखे आहेत.

जागेबद्दल दोनच गोष्टी. नकाशातली पश्चिमेची भिंत बाहेरची आहे आणि पावसाळ्यात ती ओल धरणार. तिच्यावर कागदावरची कामे लावू नका, आणि कॅनव्हास लावलाच तर फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मधून हवा खेळेल. दुसरे म्हणजे, जवसाच्या तेलाच्या चिंध्या चुरगळून डब्यात साठवू नका. त्या वाळताना आपोआप तापतात आणि पेटूही शकतात, आणि तुमच्या वाड्याला वर लाकडी माडी आहे. रोज संध्याकाळी त्या पाण्यात बुडवून, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घालून बाहेर ठेवा.

तुझ्या पत्रात पहिल्या प्रदर्शनासाठी तुम्हा तिघांचीच नावे आहेत. मला वाटते, पहिले प्रदर्शन चौथ्या कोणाचे तरी असावे, आणि तुमच्यापैकी कोणाचा मित्र नसलेल्याचे असावे. मे महिन्याच्या अखेरीस मी कोल्हापूरला येतो आहे. तोवर भिंतींना चुना लावून झाला असेल, तर पहिल्या पावसाआधी ती पश्चिमेची भिंत आपण एकत्र पाहू. माझी जुनी आवक नोंदवही सोबत आणतो. तिच्या तिसऱ्या वर्षाची पाने तू सावकाश वाच.

तुझा,
सर

ता.क. कमिशन तीस असो वा चाळीस, त्या चित्रकाराला धनादेश द्यायला स्वतः जा आणि त्याच्या स्टुडिओत थोडा वेळ बस.