जड लोखंडी गेट आणि विटांचे खांब

प्रश्न : लातूरजवळच्या आमच्या घरापुढे दीड विटेचे, म्हणजे १४ इंची खांब बांधून त्यांवर दोन पल्ल्यांचे लोखंडी गेट बसवले आहे. वाट १२ फुटांची असून एकेका पल्ल्याचे वजन सुमारे १२० किलो आहे. पावसाळ्यानंतर एक पल्ला जमिनीला घासू लागला आणि त्याच्या वरच्या बिजागरीपाशी खांबाला चीर गेली. बिजागरी काढून थोडी वर वेल्ड केली की काम होईल, असे फॅब्रिकेटर म्हणतो. तेवढ्याने भागेल का?
— एक वाचक

उत्तर : काही महिने भागेल, पण दुखणे तसेच राहील. आधी खांबाला दोन्ही बाजूंनी ओळंबा लावा आणि पल्ल्याचे दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे नसतील तर पल्ल्याची चौकटच लवली आहे आणि तिला तिरका आधार द्यावा लागेल. खांब ओळंब्यात नसेल तर पाया हलला आहे. तुमच्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमापर्यंत गेलेला नसेल तर खांब कलणारच.

चिरेचे कारण मात्र बहुधा वेगळे आहे. गेटचे वजन नुसते खाली जात नाही. ६ फुटी पल्ल्याचा भार बिजागऱ्यांपासून सुमारे ३ फुटांवर असतो. दोन बिजागऱ्यांत ४ फुटांचे अंतर धरले, तर वरची बिजागरी खांबाला सुमारे ९० किलोच्या जोराने आडवी ओढते आणि खालची तितक्याच जोराने त्याला दाबते. पल्ल्याच्या टोकाला ३० किलोचे मूल लोंबकळले की त्यात आणखी ४५ किलोची भर पडते. वीटकाम दाब उत्तम सोसते, पण ओढ सोसत नाही. होल्डफास्टभोवतीचा, म्हणजे बिजागरी धरण्यासाठी विटांत रोवलेल्या लोखंडी पट्टीभोवतीचा, सांधा आधी सुटतो. शिवाय गेट बंद असताना ही ओढ वाटेच्या दिशेने असते आणि कंपाउंडची भिंत खांबाला सांधलेली असेल तर तिची थोडी मदत होते. गेट उघडले की ओढ आवाराच्या दिशेने वळते, आणि तिथे खांबाला कोणाचाच आधार नसतो. म्हणूनच दिवसभर उघडी ठेवलेली गेटे लवकर खांब सोडतात, असे मला वाटते.

तेव्हा भार लोखंडाने किंवा काँक्रीटने पेलावा आणि विटांनी केवळ आवरणाचे काम करावे. खांब पाडायची तयारी असेल तर मुरमापर्यंत पाया नेऊन ९ × ९ इंचांचा आरसीसी कॉलम घ्या : १२ मिमीच्या चार सळया, ८ मिमीच्या रिंगा ६ इंचांवर, आणि बिजागऱ्यांच्या उंचीवर सळयांना वेल्ड करून बसवलेल्या इन्सर्ट प्लेटा, म्हणजे पुढे बिजागरी वेल्ड करता यावी म्हणून काँक्रीटमध्ये बसवायच्या लोखंडी पट्ट्या. चारी बाजूंनी अर्ध्या विटेचे आवरण घेतल्यावर खांब १८ इंचांचा होईल. प्लेटांची जागा काँक्रीट ओतण्याआधीच फॅब्रिकेटरकडून ठरवून घ्या, कारण नंतर तोडफोड करून बिजागरी बसवणे म्हणजे नव्या खांबाला पुन्हा दुबळे करणे होय. काँक्रीटला किमान सात दिवस पाणी मारा आणि गेट शक्यतो २८ दिवसांनंतरच चढवा.

खांब ठेवायचेच असतील, तर त्यांना लागून वाटेच्या बाजूला १०० मिमीचे दोन चॅनेल (इंग्रजी C आकाराचे लोखंडी गज) समोरासमोर जोडून केलेला चौकोनी खांब उभा करा, तो काँक्रीटमध्ये खोल रोवा आणि गेट त्यावरच टांगा. यात वाट दोन्हीकडून मिळून आठेक इंचांनी अरुंद होईल आणि पल्ले तितके कापून घ्यावे लागतील. तरी चिरलेल्या खांबात नवे बोल्ट ठोकण्यापेक्षा हे कितीतरी बरे. आवळताना भोकात फुगून बसणाऱ्या (एक्स्पान्शन) बोल्टने वीट आणखी फुटते.

काम सुरू होईपर्यंत तो पल्ला उतरवून आडवा ठेवा आणि मुलांना त्याच्याजवळ जाऊ देऊ नका.