ऐंशीच्या वेगाला थरथरणारे स्टिअरिंग

गेल्या काही दिवसांत जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच तक्रारीची आहेत: गाडी जुनी आहे, चांगली चालते, पण एका ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरते आणि पैसे खर्च करूनही ते थांबत नाही. गॅरेजमध्ये ज्याला ‘वॉबलिंग’ म्हणतात तोच हा दोष. त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्या उत्तरात तपासणीची पद्धत सविस्तर दिली असल्यामुळे इतर वाचकांनीही ते आधी वाचावे.

प्रश्न : माझ्याकडे 2007 सालची मारुती 800 आहे. ताशी 75 किलोमीटरला स्टिअरिंग थरथरू लागते आणि नव्वदच्या पुढे बरेच शांत होते. तीन वेळा बॅलन्सिंग (चाकाचा तोल साधणे), दोन वेळा अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) झाली, दोन्ही टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्यांचे चाकाकडचे सांधे) नवे बसवले. पंधरा दिवस बरे वाटते, मग पुन्हा तेच. आता मेकॅनिक स्टिअरिंगचा रॅक (स्टिअरिंगची फिरकी चाकांपर्यंत पोचवणारी दातेरी पट्टी) बदलायला सांगतात. बदलावा का? (एक वाचक, चोपडा)

उत्तर : रॅक आत्ता बदलू नका. आपण दिलेल्या माहितीत दोषाचा पत्ता जवळजवळ आलेला आहे आणि तो रॅककडे जात नाही.

प्रथम अलाइनमेंटचा विषय संपवू. अलाइनमेंट बिघडली की गाडी एका बाजूला ओढते किंवा टायर एका कडेने झिजतो. ठरावीक वेगाला येणारी थरथर त्यातून सहसा निर्माण होत नाही. ही समजूत आपल्याकडे इतकी रुजली आहे, की स्टिअरिंग हलले म्हणताच लोक अलाइनमेंटच्या रांगेत उभे राहतात आणि पैसे देऊन तीच गाडी घेऊन परत येतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता आपली थरथर पाहू. आपल्या गाडीच्या 145/70 आर 12 मापाच्या टायरचा परिघ सुमारे 1.6 मीटर भरतो, म्हणजे ताशी 80 किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला जवळपास 14 वेळा फिरते. रिमच्या कडेला 30 ग्रॅमचा तोल चुकलेला असेल, तर या वेगाला चाकाला साधारण साडेतीन किलो वजनाइतका ओढा बसतो आणि तो सेकंदाला 14 वेळा दिशा बदलतो. पुढचे चाक, त्याचा लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) आणि स्टिअरिंगचे दांडे यांची मिळून स्वतःची डोलण्याची एक लय असते. पाळण्याला त्याच्या लयीत हलका हात लावला तरी झोका मोठा होत जातो, तसे चाकाचे धक्के त्या लयीशी जुळले की स्टिअरिंग हलते, आणि वेग वाढून ती जुळणी मोडली की ओढा वाढूनही स्टिअरिंग शांत होते. म्हणून 75 ला सुरू होऊन 90 ला ओसरणारी थरथर जवळजवळ नेहमी टायर, रिम किंवा हबमधून (चाक ज्यावर बसते तो भाग) येते.

मग बॅलन्सिंग करून ती का जात नाही? माझ्या अनुभवात हट्टी थरथरीला बहुतेक वेळा एक नव्हे, दोन कारणे असतात. एक धक्का निर्माण करते आणि दुसरे तो वाढू देते. चाकाचा किंचित दोष आणि बुशांतील (सांध्यांतील रबरी कड्यांतील) किंचित ढिलेपणा वेगवेगळे तपासले तर दोन्ही ‘चालण्यासारखे’ वाटतात. एकत्र आले की स्टिअरिंग धरवत नाही. आपण टाय रॉड एंड बदलून ढिलेपणाचा एक भाग काढलात, पण धक्क्याचे मूळ राहिले. शिवाय चाकाचा तोल पंधरा दिवसांत आपोआप बिघडत नाही. तो बिघडत असेल तर एकतर रिमवरची वजने गळून पडत आहेत, नाहीतर टायरचा आकारच बदलत आहे. पुढच्या बॅलन्सिंगनंतर वजने कुठे लावली ते मोबाइलमध्ये टिपून ठेवा आणि पंधरा दिवसांनी मोजा.

घरी करता येण्यासारखी पहिली चाचणी म्हणजे पुढची दोन्ही चाके मागे आणि मागची पुढे लावणे. आपल्या गाडीची चारही चाके एका मापाची असल्यामुळे यात अडचण नाही. यानंतर थरथर स्टिअरिंगमधून जाऊन सीटखाली जाणवू लागली, तर दोष त्या दोन चाकांपैकी एकात आहे आणि रॅकचा प्रश्नच मिटला. त्यानंतर एकेक चाक जॅकवर उचलून, खाली घोडी (आधाराचा स्टँड) लावून, हाताने हळू फिरवा. टायरलगत विटेवर एक तार टेकवून ठेवा आणि तार व टायर यांतील फट किती कमीजास्त होते ते पाहा. टायर एखाद्या जागी फुगला असेल तर आतील तारांचा पट्टा सुटलेला आहे, आणि असा टायर बॅलन्सिंगने सुधारत नाही, तो बदलावाच लागतो, कारण तो महामार्गावर फुटूही शकतो. मग तीच तार रिमच्या कडेशी धरा. पोलादी रिमची कड दीड मिलिमीटरहून अधिक आत-बाहेर होत असेल तर ती ठोकून सरळ करत बसण्यापेक्षा दुसरी रिम मिळवणे मला श्रेयस्कर वाटते. टायरच्या बाजूवर कोरलेल्या अक्षरांच्या शेवटी चार अंक असतात. ‘2317’ याचा अर्थ 2017 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. सहा-सात वर्षांचा टायर नक्षी शिल्लक असली तरी संशयितच धरावा, विशेषतः ज्या प्रदेशात उन्हाळ्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो तिथे.

चाक काढलेलेच आहे तर हबचा पृष्ठभाग नक्की पाहा. माझ्या एका जुन्या गाडीत एका गॅरेजने रॅक, दोन्ही लोअर आर्म आणि एक ड्राइव्ह शाफ्ट बदलला होता. दोष निघाला तो हबवरच्या गंजाच्या एका पापुद्र्याचा. त्यामुळे चाक तिरपे बसत होते आणि प्रत्येक वेळी काढून लावले की निराळे तिरपे बसत होते. तारेच्या ब्रशने हब आणि रिमची आतली बाजू स्वच्छ करा, नट हाताने बसवून समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळा आणि शेवटचा पिळ गाडी खाली टेकवून द्या.

बॅलन्सिंगच्या यंत्रावरही एक खात्री करून घेता येते. चाक शून्यावर आल्यावर ते यंत्रातून काढून, अर्धा फेरा फिरवून पुन्हा लावायला सांगा. आकडा शून्यच आला तर काम बरोबर झाले. आकडा बदलला तर चाक यंत्रावर मध्यात बसत नाही, आणि मग तीन वेळा केलेल्या बॅलन्सिंगला काही अर्थ उरत नाही. दुकानदाराला याचा राग येऊ नये. चांगला कारागीर ही मागणी समजून घेतो.

शेवटी ढिलेपणा. उचललेले चाक वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडून धरून हलवा. फक्त डावी-उजवीकडे प्ले (ढिली हालचाल) असेल तर तो टाय रॉड किंवा रॅकच्या टोकाचा. वर-खाली प्ले असेल तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा: प्ले नाहीसा झाला तर व्हील बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट (लोअर आर्मच्या टोकाचा गोल सांधा). लोअर आर्मचे आणि त्याला पुढे-मागे धरून ठेवणाऱ्या स्टॅबिलायझर बारचे रबरी बुश हाताला कळत नाहीत, ते टॉमीने (लोखंडी पहारीने) उचकून पाहावे लागतात. आपल्याकडच्या उन्हात रबर वाळून तडकते आणि अठरा-वीस वर्षांच्या गाडीत हे बुश मूळचेच असतील तर बदलणे योग्य. ते रॅकच्या तुलनेत फारच स्वस्त पडतात.

प्रश्न : आमची गाडी उन्हाळ्यात उत्तम चालते आणि पावसाळ्यात थरथरते. हवामानाचा काही संबंध असतो का? (एक केळी उत्पादक, यावल तालुका)

उत्तर : हवामानाचा नाही, मातीचा आहे. आपण पावसाळ्यात बागेपर्यंत गाडी नेत असाल, तर काळ्या जमिनीचा चिखल रिमच्या आतल्या बाजूस चिकटतो आणि वाळला की विटेसारखा घट्ट बसतो. बॅलन्सिंगवाला पाच-पाच ग्रॅमचा हिशेब करतो, आणि इथे एकाच जागी पाव किलो माती असू शकते. बाहेरून गाडी धुतलेली असली तरी हा थर दिसत नाही. चाकामागे हात घालून चाचपावे लागते. पाण्याने भिजवून लाकडी पट्टीने खरवडून काढा, लोखंडी अवजाराने वजने निघून येतात. माती काढल्याशिवाय बॅलन्सिंग मुळीच करू नका, कारण यंत्र मातीचाही तोल साधून देईल आणि ती पुढे कधीतरी निखळली की कोरड्या रस्त्यावर नवी थरथर सुरू होईल.

प्रश्न : एरवी काही त्रास नाही, पण कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे येताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग जोरात हलते. डिस्क ‘बेंड’ झाली असे सांगतात. (एक वाचक, चाळीसगाव)

उत्तर : ब्रेक दाबल्यावरच थरथर येते, ही खूण निर्णायक आहे. दोष पुढच्या ब्रेकमध्ये आहे, तेव्हा चाके व टायर यांवर खर्च करू नये. मात्र ‘बेंड’ हा शब्द पुष्कळदा चुकीचा असतो. डिस्क सहसा वाकत नाही, तिची जाडी जागोजागी वेगळी होते. मिलिमीटरच्या काही शतांश भागांचा फरकसुद्धा पायाला आणि हाताला जाणवतो, इतका हा भाग नाजूक आहे.

घाटात हे कसे घडते ते पाहा. चालक वरच्या गिअरमध्ये उतरतो आणि खालपर्यंत ब्रेकवर पाय ठेवतो. डिस्क अतिशय तापते. अशा वेळी वळणावर समोर ट्रक अडकला म्हणून गाडी थांबवून ब्रेक दाबून धरला, तर पॅडचा थर त्या एका जागी डिस्कवर उमटतो आणि पुढे प्रत्येक फेरीला ती जागा अडखळते. औट्रम घाटात, म्हणजे कन्नडच्या याच घाटात, वाहनांची कोंडी झाली की हे सहज होते. उतरताना दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये गाडी इंजिनवर धरा, ब्रेक थोडा वेळ नीट दाबून पूर्ण सोडा, आणि थांबावे लागले तर शक्य तिथे हँडब्रेकवर उभे राहा.

दुरुस्तीपूर्वी डिस्क काढून तिच्यामागचा हबचा गंज साफ करायला सांगा आणि कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना मोकळ्या सरकतात का ते तपासा. पिन अडकली असेल तर नवी डिस्कही काही महिन्यांत अशीच होईल. डिस्क लेथवर घासून घेण्यास माझी हरकत नाही, फक्त तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली ती जाता कामा नये.

प्रश्न : गाडी महिन्यातून दोनदाच बाहेर निघते. पहिले आठ-दहा किलोमीटर थरथरते, मग थांबते. (एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ)

उत्तर : उभ्या गाडीच्या टायरची जमिनीला टेकलेली बाजू चपटी होते आणि चालवून टायर गरम झाला की पूर्ववत होते. हवा कमी असेल तर चपटेपणा लवकर येतो. दर आठवड्याला गाडी थोडी पुढे-मागे करून ठेवा आणि हवा कंपनीने दिलेल्या मापाइतकी ठेवा. वीस-पंचवीस किलोमीटरनंतरही थरथर राहू लागली तर टायर कायमचे बसले असे समजावे.

प्रश्न : शेतीच्या कामासाठी 1990 च्या दशकातली जीप वापरतो. मुंबई–आग्रा महामार्गावर पुलाच्या जोडावर आदळली की साठच्या वेगाला स्टिअरिंग हातातून सुटेल इतके हिसके मारते आणि गाडी जवळजवळ थांबवेपर्यंत सोडत नाही. स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे हिसके शोषणारी नळी) नवा टाकला, दोन महिने ठीक होते. (एक वाचक, शिरपूर)

उत्तर : आपला दोष वरच्या सर्वांहून वेगळा आणि धोक्याचा आहे. मोटारीतील थरथर चाकाच्या तोलातून येते. आपल्या जीपला पुढे अखंड एक्सल आणि पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आहेत, तिथे एका चाकाला बसलेला धक्का एक्सल आणि ट्रॅक रॉडमधून दुसऱ्या चाकाला जातो, ते चाक तो परत फेकते, आणि दोन्ही चाके एकमेकांना हलवत राहतात. 1920 च्या दशकात कमी दाबाचे फुगीर टायर आले तेव्हा या रोगाने जगभरच्या मोटारींना ग्रासले होते, आणि 1934 साली जनरल मोटर्सने काही गाड्यांची पुढची चाके एकमेकांपासून स्वतंत्र केली त्यामागे हेही एक कारण होते.

डॅम्पर हा हिसका दाबतो, त्याचे कारण काढत नाही. म्हणून दोन महिने मिळाले. डॅम्पर तात्पुरता सोडून ठेवा, इंजिन चालू न करता एकाला स्टिअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि स्वतः खाली वाकून एकेक सांध्यावर बोट ठेवून पाहा. दांडा हलतो पण पुढचा भाग उशिरा हलतो, असा सांधा सापडला की तो बदलायचा. ट्रॅक रॉड व ड्रॅग लिंकची टोके, स्टिअरिंग बॉक्सचे चासीवरचे बोल्ट, पाट्यांच्या शॅकलचे बुश आणि यू-बोल्ट या क्रमाने जा. त्यानंतर चाके उचलून किंग पिन (चाक ज्या खिळीभोवती वळते ती) पाहा. तिथली बेअरिंगे झिजली की शिम (पातळ चकत्या) काढून दाब पुन्हा बसवावा लागतो, आणि हे काम जीप उघडलेल्या जुन्या कारागिराकडूनच करून घ्यावे.

आपण मागच्या बाजूला पाटे वाढवले आहेत का, हे पत्रात लिहिलेले नाही. कापसाची बोंदरी भरण्यासाठी आपल्या भागात ते सर्रास वाढवतात. त्यामुळे गाडीचा मागचा भाग उचलला जातो आणि पुढच्या किंग पिनचा मागे कललेला कोन, म्हणजे कॅस्टर, कमी होतो. सरळ धावण्याची चाकाची ओढ याच कोनातून येते. तो कमी झाला की थोडासा ढिलेपणाही हिसक्यात बदलतो. पाटे वाढवले असतील तर एक्सल आणि पाट्यामध्ये पाचर बसवून कोन दुरुस्त करता येतो, पण त्याआधी सर्व सांधे घट्ट झालेले असले पाहिजेत.

हिसका सुरू झाला तर जोरात ब्रेक दाबू नका. अॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग दोन्ही हातांनी स्थिर धरा आणि वेग आपोआप उतरू द्या. आणि दुरुस्ती होईपर्यंत ही जीप महामार्गावर नेऊ नका, तिच्यात वेचणीचे मजूर तर अजिबात बसवू नका.