"रोज वाचायला बसवते मॅडम, तरी अडखळतोच"

जून उजाडला, शाळा सुरू झाल्या की माझ्याकडे एकच वाक्य वेगवेगळ्या आवाजात येतं. "रोज अर्धा तास समोर बसवून वाचून घेतो, तरी पोरगं अडखळतंच." कधी आई, कधी बाबा, गेल्या आठवड्यात तर एक आजोबा नातीला घेऊन आले होते. प्रत्येकाला वाटतं आपल्याच घरात हे चाललंय. तसं नाहीये हो. 2024 च्या असर पाहणीत (मुलांना वाचन-गणित किती जमतं हे घरोघरी जाऊन तपासणारी पाहणी) ग्रामीण भारतातली पाचवीची जवळपास निम्मीच मुलं दुसरीच्या पातळीचा उतारा नीट वाचू शकली, म्हणजे पाचवीतही न जमणारी मुलं किती असतील बघा. म्हणून एका घराची गोष्ट सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

मुलगा चौथीतला, सेमी इंग्लिशला. राहायला भोसरीत, गाव मंचरकडचं. वडील कंपनीत शिफ्टला, त्यामुळे अभ्यास आईकडे. आधी डोळे आणि कान तपासून घ्यायला सांगितलं (हे सगळ्यांनाच सांगते, फळ्यावरचं दिसतच नाही म्हणून 'ढ' ठरलेली मुलं मी पाहिलीयेत), तर दोन्ही ठीक निघालं. आई म्हणाली, "आळशी आहे मॅडम. बाकी सगळं कळतं, पुस्तक काढलं की लगेच तहान लागते, शू लागते."

मग मी त्याच्याशी एकट्याशी बोलले. "वाचताना काय होतं रे?" बराच वेळ टेबलाची कड खरवडत बसला आणि म्हणाला, "मी चुकायच्या आधीच आई बोलते."

पुढच्या वेळी मी आईला एकच काम दिलं. नेहमीसारखं वाचायला बसवा, वेगळं काही करू नका, फक्त दहा मिनिटं मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा. ते आम्ही दोघींनी बसून ऐकलं. तिच्या हातात कागद-पेन दिलं आणि म्हटलं, तुमचा आवाज आला की एक रेघ ओढा. "नीट बघ." "परत वाच." "काल सांगितलं ना?" "बोट कुठंय?" रेघा वाढत गेल्या. चाळीसच्या पुढे गेल्यावर तिने पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ काही बोलली नाही. मीही बोलले नाही, इतक्या वर्षांत एवढं नक्की शिकलेय की अशा वेळी गप्प राहायचं. शेवटी ती म्हणाली, "मॅडम, ह्यात तो वाचतोय कुठे? मीच वाचतेय."

हे तिला मी सांगितलं असतं तर तिला ते बोल लावल्यासारखं झालं असतं, आणि माझं ठाम मत आहे की कुठलाही बदल स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय आत उतरत नाही.

आता तो अडखळायचा तेव्हा त्याच्या डोक्यात काय चालायचं ते बघा. आपली लिपी सोपी आहे असं आपण म्हणतो, पण 'कि' मधली वेलांटी दिसते आधी आणि उच्चारायची नंतर. 'शर्यत' मधला र बोलायचा य च्या आधी, पण बसलाय य च्या डोक्यावर. प्रथम, शर्यत, महाराष्ट्र, दुसऱ्या, चारही शब्दांत र आहे आणि चारही ठिकाणी त्याचं रूप वेगळं. मुलाच्या डोळ्याला आणि जिभेला हा हिशोब जुळवायला चार-पाच सेकंद लागतात. ती शांतता म्हणजे आळस नाही, ते त्याचं कामच आहे, आणि नेमकी तीच शांतता आपल्याला सहन होत नाही.

मी व्हिगॉट्स्की ह्या रशियन मानसशास्त्रज्ञाला मानणारी आहे. मूल आज कोणाच्या सोबतीने जे करतं ते उद्या एकटं करतं, हा त्यांचा विचार मला रोजच्या कामात खरा होताना दिसतो. सोबतीने म्हणजे काय, तर चूक धरायला बसल्यासारखं समोर नाही, शेजारी बसायचं. अर्धा तास नको, दहा-पंधरा मिनिटं पुरे, पण शक्यतो रोज. सुरुवातीला दोघांनी एकत्र मोठ्याने वाचायचं, त्याला एकट्याने पुढे जावंसं वाटलं की त्याने आपल्याला कोपर मारायचं, आपण थांबायचं. अडला तर मनात पाच मोजायचे, तरी नाही आलं तर शब्द सांगून टाकायचा आणि पुढे जायचं, "परत वाच" नाही, "सोप्पा तर होता" हे तर अजिबातच नाही. तोच मजकूर दोन-तीन दिवसांनी पुन्हा घ्यायचा, दुसऱ्यांदा तो धावतो आणि हे मुलाला स्वतःलाच कळतं.

आणि काय वाचायचं हे त्याने ठरवायचं. ह्या मुलाने काय आणलं माहितीये? गावच्या यात्रेची पत्रिका, बैलगाडा शर्यतीची. आई संकोचली, "हे काय वाचन आहे का मॅडम?" मी म्हटलं, बघा तरी. यात्रा, निमंत्रण, प्रथम क्रमांक, द्वितीय क्रमांक, पाठ्यपुस्तकात जिथे तो रडायचा ती सगळी जोडाक्षरं तिथे होती आणि तो त्यांच्या मागे लागला होता, कारण मामाच्या गाड्याचं नाव कुठे छापलंय ते त्याला शोधायचं होतं. पत्रिकेनंतर बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक घेतले, 1971 पासूनचे आहेत, ऑनलाइन फुकट मिळतात. लहान मुलांसाठी स्टोरीवीव्हर ह्या संकेतस्थळावर मराठी गोष्टी आहेत, पातळीप्रमाणे लावलेल्या, तिथून एक पायरी खालची गोष्ट निवडा. एका पानावर पाचेक शब्दांना अडत असेल तर ते पुस्तक त्याने एकट्याने वाचायचं नाही, आपण त्याला वाचून दाखवायचं.

एक मात्र नक्की सांगते, तीन-चार महिने असं मनापासून करूनही अक्षरं उलटसुलट होत असतील, कालचा शब्द आज अनोळखी वाटत असेल, घरात आणखी कोणाला असा त्रास झालेला असेल, तर अध्ययन अक्षमतेची (म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन जड जाणं, डिस्लेक्सियासारखं) तपासणी करून घ्या, लाजू नका. मुलाला त्याचं कारण कळणं हीसुद्धा मोठी सुटका असते.

ह्या मुलाला तशी गरज पडली नाही. दिवाळीच्या आधी आईने आपणहून एक रेकॉर्डिंग पाठवलं. मागे कुकरची शिट्टी, तो वाचतोय, मध्येच एका शब्दाला अडला. शांतता. मी घड्याळ लावून ऐकलं, नऊ सेकंद. मग त्याचा आवाज आला, "आई, झोपलीस का?"

"नाही रे, ऐकतेय."

"दुर्मिळ," तो म्हणाला, आणि पुढचं वाक्य वाचायला लागला.